शेतीच्या चित्रफितींचा आकार कसा कमी करावा ?

सुधारित शेतीचा प्रसार करावयाचा तर प्रत्यक्ष प्रात्यक्षिकासारखे दुसरे साधन नाही, हे विस्तारकार्य करणाऱ्या प्रत्येकास अनुभवाने ठाऊक आहे. परंतु प्रात्यक्षिक एका शेतात होते आणि त्यास पाचपंचवीस शेतकरीच हजर राहू शकतात. ही उणीव चित्रफितीने बऱ्याच अंशी भरून निघते. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून आसपासच्या ८० खेड्यांसाठी 'कृषि दर्शन' हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा चित्रण, संपादन व प्रक्षेपण ही कामे निरनिराळ्या जाणकारांकडे होती. आज ग्रामपातळीवरील कार्यकर्ता किंवा एखादा प्रगतिशील शेतकरी खिशातील फोनवर चित्रण करतो व इंटरनेटवरून ते गावोगाव पाठवितो. साहजिकच, पूर्वी जी काळजी केंद्रावरील अभियंता घेत असे ती आता ह्या कार्यकर्त्यासच घ्यावी लागते.

ही काळजी मुख्यतः एकाच गोष्टीची आहे. फोनने घेतलेली चित्रफीत फार मोठी असते व जशीच्या तशी पाठविल्यास ती शेतकऱ्याच्या फोनवर अडखळत चालते, किंवा चालतच नाही. म्हणून तिचा आकार कमी करावा लागतो. परंतु आकार कमी करताना चित्रातील काही तपशील कायमचा नाहीसा होतो. कोणता तपशील गेला तरी चालेल आणि कोणता जाता कामा नये, हे यंत्रास समजत नाही; ते आपणच ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात ह्याच गोष्टीचा विचार केला आहे.

एक अनुभव

अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ साली आढळली. पुढील वर्षीच्या खरिपात मक्यावर तिचा उपद्रव पुष्कळ ठिकाणी झाला. अळी नवी असल्यामुळे तिची ओळख पटविणे हे पहिले काम होते. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटाकडून दुसऱ्या वलयावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके, ही तिची ओळख होय. ही ओळख आणि फवारणीचे प्रमाण दाखविणारी पाच मिनिटांची चित्रफीत मी तयार केली. मूळ फाइल सहाशे मेगाबाइटांहून मोठी होती. ती सर्वांना सहज मिळावी ह्या हेतूने मी ती दाबून आठ मेगाबाइटांवर आणली व पाठवून दिली. स्वतःच्या संगणकावर मूळ फीत पाहिली होती. पाठविलेली फीत पाहिली नाही.

चार दिवसांनी एक वृद्ध शेतकरी कार्यालयात आले. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही लिटरला चार ग्रॅम औषध सांगता; डब्यावरच्या चिठ्ठीत तर निराळेच छापले आहे. खरे कोणते धरू ?"

मी त्यांचा फोन हातात घेऊन फीत पाहिली. मी फलकावर '१ लिटर पाण्यास ०.४ ग्रॅम' असे लिहिले होते. त्यातील दशांशाचा ठिपका दाबल्यामुळे नाहीसा झाला होता व आधीचे शून्य पुसट होऊन चारच्या आकड्याजवळ डागासारखे दिसत होते. अळीच्या अंगावरील चार ठिपक्यांच्या जागी एक तपकिरी पट्टा उरला होता. "बाबा, तुम्ही फवारणीपूर्वी विचारावयास आलात हे फार चांगले केलेत," असे म्हणून मी त्यांना बरोबर प्रमाण कागदावर लिहून दिले. ते विचारावयास आले नसते, तर दसपट औषध पिकावर पडले असते आणि दोष माझ्या चित्रफितीचा असता. त्याच दिवशी सर्वांना फोन करून ती फीत काढून टाकावयास सांगितले.

मुळात चित्रफीत एवढी मोठी का असते ?

पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. फोनच्या १९२० गुणिले १०८० मापाच्या एका चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात आणि दर सेकंदास अशी ३० चित्रे पुढे सरकतात. हा गुणाकार केल्यास दर सेकंदास सुमारे १४९ कोटी बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, ह्या हिशेबाने पाच मिनिटांची फीत सुमारे ५६ गिगाबाइटांची व्हावयास हवी. प्रत्यक्षात फोनमध्ये ती साधारण ६४० मेगाबाइटांची असते, कारण चित्रण करतानाच फोन तिला दाबून दर सेकंदास सुमारे १७ मेगाबिटांवर आणतो. म्हणजे आपल्या हाती येणारी 'मूळ' फीतही पूर्वीच एकदा दाबलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

दर सेकंदास खर्ची पडणाऱ्या ह्या बिटांस बिटरेट म्हणतात. फाइलीचा आकार ठरतो तो बिटरेट व वेळ ह्या दोहोंवरून. ह्याचे सूत्र सोपे आहे :

बिटरेट (किलोबिट) × सेकंद ÷ ८ = आकार (किलोबाइट)

उदाहरणार्थ, चित्रासाठी १,००० व आवाजासाठी ६४ किलोबिट ठेवल्यास, १,०६४ × ३०० ÷ ८ = ३९,९०० किलोबाइट, म्हणजे सुमारे ४० मेगाबाइट. एक गिगाबाइटाचा हा पंचविसावा भाग होय. हा हिशेब फीत बाहेर काढण्यापूर्वीच करता येतो व प्रत्येकाने तो करावा.

दाबण्याची क्रिया कशी घडते ?

गोदामाचा हिशेब ठेवणारा कारकून रोज सर्व पोती मोजीत बसत नाही. तो एके दिवशी पूर्ण मोजदाद करतो व पुढे रोज केवळ आवक-जावक लिहितो. चित्रफीत दाबणारी प्रणालीही असेच करते. ती काही अंतराने एक चित्र पूर्णपणे साठविते. मधल्या चित्रांत केवळ आधीच्या-नंतरच्या चित्रांहून काय बदलले तेवढेच लिहिते. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. चित्रात जितका बदल कमी, तितके बिट कमी लागतात. हात थरथरल्यास सारे चित्रच हलते. वाऱ्याने मक्याचे पान न् पान हलते. अशा वेळी प्रणालीचे सारे बिट पाने रंगविण्यात संपतात व अळीच्या वाट्यास थोडेच उरतात.

दुसरी क्रिया तपशील गाळण्याची आहे. चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील बारीक फरक पुसले जातात. बिट कमी पडू लागले की हे पुसणे वाढते व चित्र चौकटी-चौकटींचे दिसू लागते. दशांशाचा ठिपका, अळीवरील खूण, पानावरील डागाची कड ह्या गोष्टी बारीक असल्यामुळे त्याच प्रथम जातात.

तिसरी गोष्ट रंगाची. डोळ्यास उजेड-अंधारातील फरक चटकन कळतो, रंगातील बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून बहुतेक फितींत चार पिक्सेलना मिळून एकच रंग नोंदविला जातो. ह्यामुळे हिरव्या पिकावर लाल अक्षरे लिहिल्यास त्यांच्या कडा पसरतात. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे असल्यास ती स्पष्ट राहतात.

चित्रण करतानाच घ्यावयाची काळजी

ज्याप्रमाणे पिकाचे उत्पादन बियाण्यापासून ठरत जाते, त्याप्रमाणे फितीची स्पष्टता चित्रणापासून ठरते. पुढील गोष्टींस खर्च जवळजवळ नाही :

१. फोन तिकाटण्यावर बसवावा. ते नसल्यास बांधावरील दगडाचा किंवा फवारणी पंपाचा आधार घ्यावा.

२. सकाळी वारा कमी व उजेड पुरेसा असताना चित्रण करावे. अंधुक प्रकाशात चित्रावर वाळू पसरल्यासारखे कण दिसतात. हे कणही दर चित्रास बदलत असल्यामुळे बिट खातात.

३. दाखवावयाची वस्तू जवळून घ्यावी. ह्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. अळीने चित्राच्या रुंदीचा दहावा भाग व्यापला असेल तर १,२८० पिक्सेल रुंदीच्या फितीत तिला १२८ पिक्सेल मिळतात. तीच अळी जवळून घेऊन तिने अर्धी रुंदी व्यापली, तर ६४० पिक्सेल रुंदीच्या लहान फितीतही तिला ३२० पिक्सेल मिळतात. म्हणजे जवळून घेतलेली लहान फीत दुरून घेतलेल्या मोठ्या फितीहून अधिक दाखविते.

४. अळी किंवा रोगट पान तोडून साध्या, एकरंगी कागदावर ठेवावे. मागे हलणारे पीक नसावे. खूण दाखविताना चित्र निदान पाच सेकंद स्थिर ठेवावे.

५. प्रमाण लिहिताना दशांश टाळावा. '१ लिटरला ०.४ ग्रॅम' असे न लिहिता '१० लिटर पाण्यास ४ ग्रॅम' असे लिहावे. अक्षराची उंची चित्राच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याहून कमी नसावी. लिहिलेले प्रमाण तोंडानेही दोनदा सांगावे. आवाजास फार थोडे बिट लागतात. चित्र बिघडले तरी तो बहुधा शाबूत राहतो.

दोन मार्ग, दोन फाइली

फीत शेतकऱ्यापर्यंत दोन मार्गांनी जाते व प्रत्येक मार्गास निराळी फाइल लागते. येथेच पुष्कळांची गफलत होते.

पहिला मार्ग यूट्यूबसारख्या सेवेचा. ही सेवा आपल्या फितीच्या लहानमोठ्या अनेक प्रती स्वतः तयार करते व त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडते. पाहणाऱ्याच्या फोनवर जाळे मंद असेल तर लहान प्रतीचे तुकडे जातात, वेग वाढला की मोठ्या प्रतीचे. ही सेवा आपली फीत पुन्हा दाबणारच असल्यामुळे तिला आधीच दाबलेली फीत देऊ नये. नाहीतर नकलेवरून काढलेल्या नकलेसारखी स्थिती होते. १०८० मापाच्या व सेकंदास ३० चित्रांच्या फितीसाठी दर सेकंदास ८ मेगाबिट व ७२० मापासाठी ५ मेगाबिट, असे यूट्यूबचेच मार्गदर्शन आहे. पाच मिनिटांच्या १०८० मापाच्या फितीची फाइल ह्या हिशेबाने ३०० मेगाबाइटांची होते. ती चढविण्यास वेळ लागतो खरा, परंतु तो तालुक्याच्या ठिकाणी एकदाच खर्चावा लागतो.

दुसरा मार्ग एकच फाइल सरळ देण्याचा, मग ती संकेतस्थळावर ठेवलेली असो वा व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविलेली असो. येथे निवड करणारे कोणी नसते. म्हणून आपणच मध्यम आकाराची फाइल तयार करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती चित्रफीत म्हणून पाठविल्यास ते अ‍ॅप तिला आणखी दाबते. दस्तऐवज म्हणून पाठविल्यास ती जशीच्या तशी जाते.

संथ प्रात्यक्षिकाच्या पाच मिनिटांच्या फितीसाठी आमच्या कामात उपयोगी पडलेली प्रमाणे पुढे दिली आहेत. आवाजासाठी सर्वत्र ६४ किलोबिट धरले आहेत.

| चित्राचे माप | चित्राचा बिटरेट (किलोबिट) | फाइलीचा आकार (मेगाबाइट) | उपयोग |
|---|---|---|---|
| ४२६ × २४० | ३०० | १३.७ | मुख्यतः भाषण, सूचना |
| ६४० × ३६० | ६०० | २४.९ | अवजारे, पेरणी, छाटणी |
| ८५४ × ४८० | १,००० | ३९.९ | कीड व रोग, जवळून घेतलेले |
| १२८० × ७२० | २,००० | ७७.४ | सभेत मोठ्या पडद्यावर दाखविण्यासाठी |

फितीचा एकूण बिटरेट गावात प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या निम्म्याहून जास्त नसावा. वेग सतत खालीवर होत असतो. एवढी सवड ठेवल्यास फीत मधेच थांबत नाही.

प्रत्यक्ष कृती

संपादन केलेली फीत तयार फाइल म्हणून बाहेर काढणे ह्यास एक्स्पोर्ट म्हणतात. संपादनाच्या अ‍ॅपमधून प्रथम १०८० मापाची उत्तम फाइल काढावी. हीच यूट्यूबकरिता उपयोगी पडते. मग तिच्यावरून सरळ पाठविण्याची लहान फाइल तयार करावी. ह्यासाठी संगणकावर 'हँडब्रेक' ही विनामूल्य प्रणाली सोयीची आहे. तिची कृती अशी :

१. हँडब्रेकमध्ये मूळ फाइल उघडावी व फाइलीचा प्रकार 'एमपी४' निवडावा.

२. 'वेब ऑप्टिमाइज्ड' ह्या चौकोनात खूण करावी. प्रत्येक फाइलीत एक अनुक्रमणिका असते. ती शेवटी राहिल्यास संकेतस्थळावरील फीत सुरू होण्यास विलंब लागू शकतो. ह्या खुणेने ती अनुक्रमणिका आरंभी येते.

३. चित्राचे माप वरील कोष्टकावरून ठरवावे. मूळ मापाहून मोठे माप कधीही देऊ नये. त्याने तपशील वाढत नाही, आकार मात्र वाढतो.

४. चित्राच्या प्रणालीत 'एच.२६४' निवडावी. ही २००३ साली ठरलेली पद्धत जवळजवळ सर्व फोनांवर चालते. २०१३ ची 'एच.२६५' व २०१८ ची 'एव्ही१' ह्या पद्धतींनी फाइल आणखी लहान होते, परंतु जुन्या स्वस्त फोनांवर त्या अडतात. आपणास सर्वांत जुन्या फोनाचा विचार करावयाचा आहे.

५. दर सेकंदाची चित्रे मूळ फितीइतकीच, सामान्यतः ३०, ठेवावीत.

६. 'अ‍ॅव्हरेज बिटरेट' निवडून कोष्टकातील आकडा भरावा व एकाहून अधिक फेऱ्यांची सोय चालू करावी. पहिल्या फेरीत प्रणाली सर्व फीत तपासते व दुसऱ्या फेरीत जेथे गरज आहे तेथे अधिक बिट देते. वेळ जास्त लागतो, पण त्याच आकारात चित्र सुधारते.

७. आवाजासाठी 'एएसी' पद्धत, 'मोनो' व ६४ किलोबिट पुरेसे आहेत. बोलणाऱ्या एका माणसास दोन बाजूंचा आवाज लागत नाही.

फाइल एवढे करूनही मोठी झाली तर बिटरेट खाली ओढण्यापूर्वी वेळ कमी करावा. आरंभीची लांबलचक नावे, स्वागत व संगीत काढून टाकल्यास अर्धे मिनिट सहज वाचते. पाच मिनिटांच्या फितीत हा दहावा हिस्सा आहे व त्यास स्पष्टतेची किंमत द्यावी लागत नाही. विषय दोन असल्यास दोन फिती कराव्यात : एक ओळखीची, एक उपायाची.

पाठविण्यापूर्वीची कसोटी

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवणशक्ती तपासतो. तसेच तयार झालेली फीत तपासल्यावाचून पाठवू नये. तपासणी संगणकावर न करता गावातील साध्यात साध्या फोनवर, उन्हात उभे राहून व मोबाइलच्याच जाळ्यावर करावी. फीत किती वेळात सुरू होते, मधे किती वेळा थांबते, हे पाहावे. नंतर ज्या व्यक्तीस विषय ठाऊक नाही अशा एखाद्या शेतकऱ्यास ती दाखवून तीन प्रश्न विचारावेत : कोणती खूण दिसली ? औषध कोणते ? प्रमाण किती ? उत्तर चुकल्यास दोष पाहणाऱ्यास न देता फीत दुरुस्त करावी.

मूळ फाइल व तारीख

दाबलेल्या फितीतून गेलेला तपशील कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. म्हणून मूळ चित्रण वेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवावे व प्रत्येक वेळी नवी फाइल मुळावरूनच काढावी. फाइलीच्या नावात पीक, विषय व तारीख लिहावी.

फितीच्या आरंभी व शेवटी महिना आणि वर्ष ठळकपणे दाखवावे. औषधांच्या शिफारशी बदलतात, परंतु एकदा फोनाफोनांतून फिरू लागलेली फीत परत बोलाविता येत नाही. दोन वर्षांनी ती पाहणाऱ्यास निदान ती जुनी असल्याचे कळावे. तसेच 'फवारणीपूर्वी डब्यावरील चिठ्ठी वाचावी' हे वाक्य प्रत्येक फितीत बोलून घ्यावे. त्या वृद्ध शेतकऱ्यांनी हेच केले होते.

सारांश

फीत जवळून, स्थिर हाताने व चांगल्या उजेडात घ्यावी. बिटरेटचा हिशेब आधी करावा. यूट्यूबसारख्या सेवेस मोठी व सरळ पाठविण्यास लहान, अशा दोन फाइली मुळावरून काढाव्यात. प्रमाण दशांशाविना लिहावे व तोंडाने सांगावे. शेवटी, साध्या फोनवर तपासल्यावाचून कोणतीही फीत गावात पाठवू नये. लष्करी अळीची ती फीत मी ह्याच रीतीने पुन्हा तयार केली. ४८० मापाची ती नवी फाइल पूर्वीच्या पाचपट मोठी, म्हणजे ४० मेगाबाइटांची झाली. परंतु तीत चार ठिपके चार दिसतात आणि प्रमाण दहा लिटरला चार ग्रॅम असेच वाचले जाते.